भुऱ्याच्या गळ्यातलं दावं

१

लोकशाहीत आमदाराचा आवाज हा एकट्या माणसाचा आवाज नसतो. तो लाखभर मुक्या जनतेचा हुंकार असतो. मनसाराम शेंडे हे वाक्य प्रत्येक सभेत म्हणत आणि त्यावर टाळ्याही पडत. सन चोपनच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मात्र गडचिरोली तहसिलीतल्या लाखभर जनतेचा हुंकार कुठल्याशा झाडाखाली बसून 'हम्मा' असा ओरडत होता, आणि ते झाड नेमकं कुठलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ही बातमी घेऊन मनसाराम चांद्याला पठाणपुऱ्यात गुणवंतरावांच्या ओसरीवर येऊन बसले. गुणवंतराव वैरागडे म्हणजे आबकारी खात्यातले निवृत्त सब-इन्स्पेक्टर. अर्धा जन्म त्यांनी या जंगलात मोहाच्या दारूच्या भट्ट्या शोधण्यात घालवला होता. भट्टी शोधायची तर धुराकडे बघू नये, असं ते सांगत. धूर दिसत असूनही तिकडे कोण बघत नाही, ते बघावं. या रीतीनं त्यांना पुष्कळ भट्ट्या सापडल्या होत्या आणि बढती एकदाही मिळाली नव्हती.

मनसाराम ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरचे; मूल गावाकडचे आमदार. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तेव्हा गावोगावची तळी सरकारजमा झाली, आणि सरकारनं त्यांतली मासोळी लिलावात ठेकेदाराला द्यायला सुरुवात केली. ज्या तळ्याची पाळ ढिवरांच्या आज्यापणज्यांनी राखली, त्यात जाळं टाकणारा ढिवर आता चोर ठरू लागला. मनसारामांची सख्खी बहीण गिरजा टोपलीभर झिंग्यांसाठी पकडली गेली. चौकीदारानं टोपली पाण्यात उलटी केली आणि जाळं तिच्यासमोर कापलं. त्यानंतर मनसारामांनी विधेयक लिहिलं: गावतळ्यातली मासोळी त्या गावच्या ढिवरांच्या सोसायटीला. बिनसरकारी विधेयक म्हणजे चिठ्ठी निघेल तेव्हा पाळी. किती अधिवेशनं चिठ्ठीच निघाली नाही. आता निघाली होती, येत्या शुक्रवारची. आणि मार्चअखेर तळ्यांचा नवा लिलाव व्हायचा होता, पुढच्या कित्येक वर्षांसाठी. शुक्रवारी विधेयक पडलं की तळी गेली.

सरकारनं मत द्यायला मोकळीक ठेवली होती. त्यामुळे नागपूरचं सभागृह बरोबर मधोमध चिरलं होतं, आणि चिरेवर एकच माणूस बसला होता: मोहटोल्याचे आमदार लटारू बोरकुटे. शिवरात्रीची सुटी लागली, लटारू शनिवारी घरी गेले, आणि रविवारी पहाटे त्यांचा बैल गोठ्यात मेला. गळ्यात दावं असताना मेला.

गुणवंतरावांनी पानाची चंची खाली ठेवली. त्या भागातली रीत त्यांना ठाऊक होती. गळ्यात दावं असताना बैल मेला की मालकाच्या माथी गोहत्या. मग त्यानं तेच दावं आपल्या गळ्यात घालून गाव सोडायचं. छपराखाली जायचं नाही. माणसाची भाषा बोलायची नाही. भीक मागायची तीसुद्धा बैलासारखं हंबरून. पंच शुद्ध करून घेईपर्यंत असंच. आणि मोहटोल्याच्या पंचांनी मुहूर्त काढला होता होळीनंतरचा.

विधानसभेला छप्पर आहे. शिवाय तिथं 'हो' किंवा 'नाही' असं माणसाच्या तोंडानं म्हणावं लागतं. 'हम्मा' कोणत्या बाजूला मोजायचा, याबद्दल नियमावली गप्प आहे. लटारूंवाचून मतं बरोबरीत येणार होती, आणि बरोबरीत अध्यक्ष काय करतील, हे अध्यक्षांनाही ऐनवेळीच कळतं.

"गुणवंतभाऊ," मनसाराम हळू आवाजात म्हणाले, "शनवारी लटारू घरी येते, आयतवारी बैल मरते, शुक्रवारी मत. असा मोका पाहून मराचं बैलाले सुचते का जी? हा खून होय."

२

मूलपर्यंत सर्विस मोटार, पुढे वैनगंगा डोंग्यातून आणि मग बैलगाडी, अशा प्रवासानं दोघे दुपार कलता मोहटोल्यात पोचले. वाटेत प्रत्येक झाडाखाली मनसाराम मान लांब करून बघत होते. गुराखी त्यांना नमस्कार करत आणि त्यांच्यामागे हसत.

लटारूंच्या अंगणात त्यांचा धाकटा भाऊ झिंगू काठी टेकून उभा होता. हा झिंगू गावच्या तळ्यावर ठेकेदाराचा चौकीदार होता. मनसारामांनी ते ऐकलं आणि गुणवंतरावांचं कोपर दाबलं. गुणवंतरावांनी कोपर सोडवून घेतलं आणि गोठा बघायला मागितला.

गोठा नीटनेटका होता. दोन खुंटे. एका खुंट्याला उरलेला बैल रवंथ करत होता, दुसरा रिकामा. रिकाम्या खुंट्याभोवतीची जमीन शेणानं सारवलेली, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेली. गुणवंतराव तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ, की झिंगूला वाटलं म्हातारा तिथंच झोपला.

भुऱ्या कसा मेला, हे झिंगूनं न विचारताच सांगितलं. भुऱ्या म्हणजे मेलेला बैल. शनिवारी तो वावरात मोकळा सुटला आणि ओल्या लाखोळीच्या शेंगा पोटाला तड लागेस्तोवर खाऊन आला. संध्याकाळी पोट ढोलासारखं झालं. तेल पाजलं, पोट चोळलं, थोडं उतरल्यासारखं वाटलं. पहाटे बघतात तर खलास. गावात दरवर्षी एखाददुसरं जनावर लाखोळीनं जातंच. विष नाही, काठी नाही. मनसारामांचा चेहरा उतरला. खुनाशिवाय ते एवढ्या लांब आले नसते.

"तू कुठं होतास?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तळ्यावर जी. मी नौकर माणूस. दादा आमदार हाये, मी चौकीदार. बैल मात्र दोघाईचा होता." झिंगूनं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "मेला माझ्या वाट्याचा, न् पाप लागलं त्याले. मोठ्याईचं सगळंच मोठं रायते."

मेलेला बैल पहिल्यांदा पाहिला तोही लटारूंनीच. पहाटे उठून गोठ्यात गेले आणि ओरडत बाहेर आले. गाव जमलं. दावं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, पंचांचे प्रमुख इसरू पाटलांनी हातात धरून पाहिलं. लटारूंनी वाद घातला नाही. दावं सोडून स्वतःच्या गळ्यात घातलं, घोंगडी पांघरली, हंबरले आणि पूर्वेला चालू लागले. इतका मुकाट्यानं शिक्षा घेणारा माणूस पंचांनी आजवर पाहिला नव्हता. इसरू पाटील तर म्हणे गहिवरले.

तेवढ्यात फाटकासमोर धुरळा उडवत एक जुनी फौजी जीप येऊन थांबली. तिच्यातून ठेकेदार बिरजू उतरला, ज्याच्यासाठी त्या तालुक्यातल्या निम्म्या तळ्यांवर चौकीदार बसत असत.

त्यानं अंगणात पाय ठेवायच्या आत विचारलं, "लटारूभाऊ भेटले का?" आणि त्याचा चेहरा मनसारामांइतकाच पांढरा होता.

३

बिरजू कामठीकडचा. तो हिंदीत विचार करी आणि मराठीत भांडे. मनसारामांना अंगणात बघून तो आधी दचकला, मग त्यानं डोक्याला हात लावला.

"तुमीच लपवलं न त्याईले?" तो म्हणाला. "सच सांगा आमदारसाहेब. बैल मारून तुमाले काय भेटलं?"

मनसारामांनी आयुष्यात पुष्कळ आरोप ऐकले होते, पण आपला स्वतःचाच आरोप दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी प्रथमच ऐकला. ते म्हणाले की लटारूंचं मत आपल्याला मिळणार होतं. वैनगंगेचं पाणी ओंजळीत घेऊन लटारूंनी तसं वचन दिलं होतं. मग आपण त्यांना कशाला लपवू?

बिरजूनं डोक्यावरचा हात खाली घेतला.

"गंगेचं पाणी?" तो म्हणाला. "मले तं त्याईनं पोराच्या डोक्शावर हात ठेवून सांगतलं. इलेक्शनले हीच जीप फिरली त्याईच्यासाठी, गावोगाव. लटारूभाऊ आमचा मानूस हाये जी."

"आमचा हाये," मनसाराम म्हणाले.

"आमचा," बिरजू म्हणाला.

दोघे एकमेकांसमोर उभे राहून बराच वेळ एकाच माणसावर हक्क सांगत होते. गोठ्यातला बैलसुद्धा रवंथ थांबवून ऐकू लागला. गुणवंतराव मात्र खुशीत दिसत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना असा गुन्हा सापडला होता, ज्यात दोन्ही संशयितांना चोरी झाल्याचं सारखंच दुःख होतं. लटारू गायब झाल्यानं बिरजूचा फायदा नव्हता. त्याचं हातातलं मत गेलं होतं. मनसारामांचाही नव्हता. आणि झिंगू तर बिरजूच्या पगारावर. मग फायदा कोणाचा?

बिरजू जीपमध्ये चढला. उद्या शिवरात्र. गळ्यात दावं घातलेला माणूस मारकंड्याच्या जत्रेला वैनगंगेत बुडी मारायला येणार म्हणजे येणार. एवढा तर्क त्यालाही करता येत होता.

"मी आता मारकंड्याले चाललो," तो जीपमधून म्हणाला. "ज्याले आधी भेटन, त्याचा आमदार."

जीप गेली. मनसाराम बैलगाडीकडे धावले. गुणवंतराव जागचे हलले नाहीत. ते घराच्या आत बघत होते, जिथं एक बाई सूप हातात घेऊन लाखोळी पाखडत होती. या सगळ्या गोंधळात तिनं एकदाही मान वर केली नव्हती.

४

ती लटारूंची बायको, आशाबाई. गुणवंतराव उंबऱ्याशी बसले आणि पीक कसं आलं, इथपासून सुरुवात केली. पिकावरून बैलांवर यायला वेळ लागला नाही. घरची गुरं कोण बांधतं? तीच बांधते. दुसरं कोण आहे? एक तळ्यावर, एक नागपुरात.

"शनिवारी भुऱ्याला तुम्हीच बांधलं?"

"मीच बांधलं जी."

"गळ्यात दावं घालून?"

आशाबाईंचं सूप थांबलं. "गळ्यात कसं घालीन? त्याच्या मानेवर जुवाचा वण होता हातभर. दिवाळीपासून चिघळून राह्यला होता. गळ्याले हात लावला का शिंग मारे. मी शिंगाले बांधत जाओ त्याले. शनवारीबी शिंगालेच बांधलं."

बाहेर मनसाराम गाडी जुंपायची घाई करत होते. गुणवंतरावांनी त्यांना हाक मारून आत बोलावलं आणि खाली बसायला सांगितलं. मग आशाबाईंना विचारलं की हे पंचांपुढं का नाही सांगितलं? शिंगाला दावं असताना मेलेला बैल आपल्या मौतीनं मेला. त्यात कोणाला पाप नाही.

"मले पुसलं कोण?" आशाबाई म्हणाल्या. "पंच बसले, उठले. बाया चुलीपाशी."

शनिवारी रात्री त्या गोठ्याच्या कुडाला लागूनच निजल्या होत्या, पोट फुगलेल्या बैलाकडे कान ठेवून. भुऱ्या कण्हला तेवढंच. ओरडला नाही, खुरं आपटली नाहीत. गोठा त्या दिवशीच सारवलेला, त्यानंतर शेणाचा हात फिरलेला नव्हता.

गुणवंतरावांनी मनसारामांना समजावून दिलं. जिवंत भुऱ्याच्या चिघळल्या मानेवर कोणी दावं चढवलं असतं तर त्यानं गाव जागं केलं असतं आणि खुंट्याभोवतीची जमीन उकरून टाकली असती. जमीन गुळगुळीत होती. म्हणजे भुऱ्या शिंगाला बांधलेलाच मेला, आणि मेल्यावर कोणीतरी शिंगाचं दावं सोडून गळ्यात घातलं. बैलाचा खून झाला नव्हता. मेलेल्या बैलाला फाशी दिली गेली होती.

"झिंगू," मनसाराम म्हणाले. "नाईतं बिरजूचा कोणी मानूस."

गुणवंतरावांनी त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांनी आशाबाईंना विचारलं, भुऱ्याच्या मानेचा वण कोणाकोणाला ठाऊक होता?

सगळ्यांना, त्या म्हणाल्या. झिंगूला, त्यालाच तर शिंग लागलं होतं. इसरू पाटलांना, धानाच्या हंगामात त्यांनीच बदली बैल दिला. करंजाचं तेल मागत त्या घरोघर फिरल्या होत्या. बिरजूला सुद्धा, त्यानं भुऱ्याकडे बघून 'हा आता कसायाच्याच कामाचा' असं म्हटलं होतं, आणि त्यावरून त्या त्याच्याशी भांडल्या होत्या. पोराटोरांना ठाऊक होतं.

"म्हणजे ज्यानं दावं गळ्यात घातलं," गुणवंतराव म्हणाले, "त्याला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर तुमच्या एका वाक्यानं सगळं फसेल हे त्याला कळलं असतं. अख्ख्या गावात असा कोण आहे, बाई, ज्याला भुऱ्याची मान ठाऊक नाही?"

आशाबाई विचार करू लागल्या. एकेक घर त्या मनातल्या मनात फिरल्या असाव्यात. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला आणि उठल्या.

"मलेबी मारकंड्याले येऊ द्या जी," त्या म्हणाल्या.

५

शिवरात्रीला मारकंड्याच्या वाळूत माणूस मावत नाही. देवळांपासून नदीपर्यंत गाड्या सुटलेल्या, शिंगाडे आणि रताळी विकणाऱ्यांच्या पाट्या, ओलेत्यानं धावणारी माणसं, आणि प्रत्येक गाडीला दोन बैल. ते सगळे हंबरत होते. हंबरण्यावरून आमदार शोधणं अशक्य होतं. मनसारामांनी तरी प्रयत्न सोडला नाही. घोंगडी दिसली की ते हात जोडून 'लटारूभाऊ' म्हणत. एकदा तर ती घोंगडी बैलाच्या पाठीवर होती. वरच्या अंगाला बिरजू जीपच्या टपावर उभा राहून गर्दी न्याहाळत होता.

गुणवंतराव खाली मान घालून फिरत होते. ते पाय बघत होते. प्रायश्चित्ताचा माणूस अनवाणी असतो, पण जन्मभर अनवाणी फिरलेला पाय निराळा आणि नागपूरहून आलेला निराळा. नदीकाठच्या एका उंबराखाली त्यांना असे दोन पाय दिसले: काळे, धुळीनं भरलेले, आणि त्यांवर चपलेच्या पट्ट्यांचे दोन गोरे माग. डाव्या नडगीवर काठीचा लांब, निळा वळ होता. पायांच्या वर घोंगडी होती.

गुणवंतराव शेजारी बसले.

"हम्मा," घोंगडी म्हणाली.

"रामराम लटारूभाऊ. तुम्हाला बोलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मीच बोलतो. मी चुकलो तर हंबरा. बरोबर असेल तिथं गप्प बसा."

घोंगडी गप्प बसली.

"भुऱ्या लाखोळीनं मेला. मारला कोणी नाही." घोंगडी गप्प. "मेल्यावर त्याच्या गळ्यात दावं घातलं गेलं, आणि ज्यानं घातलं त्याला त्याच्या मानेचा वण ठाऊक नव्हता." घोंगडी जराशी हलली. वण, हा शब्द तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. "तुम्ही नाहीसे झाल्यानं बिरजू रडतोय, मनसाराम रडतोय. कारण दोघांनीही तुम्हाला आपल्यातच धरलं होतं. एकाला गंगेचं पाणी, दुसऱ्याला पोराचं डोकं. शुक्रवारी एक शपथ मोडणार. त्यातून सुटायची वाट एकच: ज्याला बोलता येत नाही आणि छपराखाली जाता येत नाही, त्याला मत कोण मागणार? रविवारी पहाटे तुम्ही गोठ्यात गेलात, बैल मेलेला दिसला, आणि वाट सापडली. बैलाला कुठं बांधतात हे तुम्हाला आठवलं नाही. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, लटारूभाऊ. फक्त आमदारांना नव्हतं."

गुणवंतराव थांबले. घोंगडी हंबरली नाही.

मग वरून ओरडा झाला. टपावरून बिरजूनं त्यांना पाहिलं होतं. तो वाळूतून धावत येत होता, दुसऱ्या बाजूनं मनसाराम. आणि मागून, सावकाश, इसरू पाटलांना घेऊन आशाबाई. घोंगडी एकदम सरकली आणि पहिल्यांदाच लटारूंचा चेहरा दिसला: दाढी वाढलेला, ओठ फुटलेले, डोळे मारकुट्या बैलाला बघून मुलाचे होतात तसे. खोटं पाप ओढवून घेणाऱ्याला पंच काय करतात, हे त्यांना ठाऊक होतं. जातीबाहेर, आणि वर जन्मभराचं हसं.

"मी मत मागत नाही," गुणवंतराव हळूच म्हणाले. "ते तुमचं. फक्त माणसाच्या तोंडानं द्या."

आशाबाई येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग इसरू पाटलांना म्हणाल्या की भुऱ्याला आपण शिंगाला बांधलं होतं, आणि हे सांगायला आपल्याला कोणी बोलावलंच नाही. पाटलांना मानेचा वण आठवला. ते कपाळ चोळू लागले. शिंगाला बांधलेला बैल मेला, तर पाप कसलं?

"मंग दावं गळ्यात कोणं घातलं?" त्यांनी विचारलं.

सगळे गुणवंतरावांकडे बघू लागले. लटारूंनी डोळे मिटले. आशाबाई नदीकडे बघत होत्या.

"तपास चालू आहे," गुणवंतराव म्हणाले. सरकारी नोकरीत शिकलेलं हे वाक्य इतक्या वर्षांनी प्रथमच कोणाच्या उपयोगी पडलं.

पाटलांनी स्वतःच्या हातानं दावं काढलं. बिरजू आणि मनसाराम दोघेही लटारूंच्या तोंडाकडे बघत होते, जणू तिथून मतच बाहेर पडणार होतं. लटारूंनी तोंड उघडलं. आधी सवयीनं 'ह' आला. मग ते म्हणाले, "पानी."

मनसारामांनी पाणी आणेपर्यंत लटारू उठले, लंगडत वाळू चढून गेले, आणि बिरजूच्या जीपमध्ये जाऊन बसले.

६

शुक्रवारी नागपूरला प्रेक्षकांच्या सज्जात गुणवंतराव एका टोकाला आणि बिरजू दुसऱ्या टोकाला बसला होता. बिरजूच्या तोंडात पान होतं आणि चेहऱ्यावर शांती. जीपनं त्यानं लटारूंना स्वतः आणलं होतं. वाटेत न्हाव्याकडे दाढी करवली होती, नवी टोपी घेऊन दिली होती.

खाली मनसाराम विधेयकावर बोलले. चांगलं बोलले, पण आवाज बसला होता. गिरजाच्या जाळ्याची गोष्ट सांगताना दोनदा थांबले. विरोधातले बोलले. सरकारचं उत्पन्न बुडेल, मत्स्यव्यवसायाची शिस्त बिघडेल, असं बरंच काही. मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचंय का? तो विचारायचा म्हणून विचारायचा प्रश्न असतो.

लटारू बोरकुटे उभे राहिले.

निवडून आल्यापासून ते सभागृहात एकदाही बोलले नव्हते. अध्यक्षांनी आधी मागे बघितलं, त्यांना वाटलं दुसरं कोणी उठलंय.

"अध्यक्ष महाराज," लटारू म्हणाले, "मी कायी दिस भीक मांगत होतो. कारण सांगत नाई. एका गावी तळ्यावर पानी प्याले वाकलो. चौकीदार आला. मी हम्मा म्हणलो. तो म्हणला, बैल असशीन तं पी. ढिवर असशीन तं नीघ." ते थांबले. "मग त्यानं घोंगडी उचलून पाह्यली, न् मानूस दिसला म्हून काठी मारली. अध्यक्ष महाराज, माह्या तालुक्यात तळ्याचं पानी प्याले बैल व्हा लागते. मले यावर इतकंच बोलाचं होतं."

सभागृहात कोणी हसलं नाही. सज्जात बिरजूचं पान चावायचं थांबलं. तोंडी 'हो' आणि 'नाही' सारखेच उठले, म्हणून मतविभागणीची घंटा वाजली. एकेक सभासद उठून 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दाराकडे निघाला. लटारू मधोमध उभे राहिले. एकदा त्यांनी वर बिरजूकडे बघितलं, एकदा दाराकडे. मनसारामांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यांना दिसलंच नाही. गुणवंतरावांना दिसलं. लटारू लंगडत 'हो'च्या दारातून गेले.

विधेयक एका मतानं मंजूर झालं.

बाहेर पायऱ्यांवर मनसाराम लटारूंचे हात धरून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मूलकडचे आलेले ढिवर लटारूंच्या पाया पडत होते. कोणीतरी हार आणला. बिरजूची जीप त्यांच्याकडे न बघता निघून गेली. शपथ मोडल्याबद्दल बिरजू काही म्हणाला नव्हता, पण निघण्याआधी नवी टोपी मागून घ्यायला विसरला नव्हता. वर्तमानपत्रवाल्यानं लटारूंना विचारलं की या ऐतिहासिक क्षणी आपल्याला काय वाटतं? लटारू गर्दीतून गुणवंतरावांना शोधत होते. सापडल्यावर त्यांनी त्यांना बाजूला, खांबामागं नेलं, आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"गुणवंतभाऊ, एक काम होतं जी. तुमाले सवड असन तं माह्यासंगं मोहटोल्यापर्यंत या न. पुरं घरात नोका येऊ. फाटकापर्यंत आले तरी चालते. आशा अंगणात असन."